डावीकडचा ढाळ

बुडबुडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दारावरच्या पितळी पाटीवर होतं, पण ती पाटी वाचून झाल्यावर पोस्टमनसुद्धा विचारायचा, "बुडबुडे आहेत का घरात?" आणि ते असायचे.

त्यांचा धंदा स्नूकरची टेबलं बसवण्याचा. ऐकणाऱ्याला वाटतं, टेबल बसवायला काय लागतं, चार पाय जमिनीवर टेकवले की झालं. स्नूकरच्या टेबलाला पाय आठ असतात. वर दगडाचे पाच तुकडे, एकेक उचलायला चार माणसं. ते दगड असे जुळवायचे की सांध्यावरून नख फिरवलं तरी कळता कामा नये, आणि मग त्यावर हिरवं कापड असं ताणायचं की त्याला स्वतःलाही आपण ताणलो गेल्याचं दुःख होऊ नये. दगड मांडून झाले की ते पिशवीतून हातभर लांबीची लेव्हल काढायचे, दगडावर ठेवायचे, आणि तिच्या काचेच्या नळीतला हवेचा बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध थांबेपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे. मग म्हणायचे, "बसला." नाव पडलं ते त्यावरून.

चाळीस वर्षांत त्यांनी दोनशे बारा टेबलं बसवली, आणि प्रत्येक टेबलावर कुणी ना कुणी हरलं. हरलेला माणूस आधी हातातल्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाकडे बघतो, मग दिव्याकडे, मग टेबलाकडे, आणि शेवटी टेबल बसवणाऱ्याला बोलावणं धाडतो. बुडबुडे जायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि एकच वाक्य बोलून परत यायचे.

"टेबल सरळ आहे. आता उरलं कोण?"

या वाक्यापायी त्यांना मित्र फार नव्हते.

त्यातल्या त्यात ज्यांच्याशी वाकडं यायला नको होतं, ते म्हणजे सेक्रेटरी. सेक्रेटरींची नोकरी वजनमापं खात्यात झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या तराजूंमध्ये खोट काढली, आणि निवृत्त झाल्यावर क्लबचं सेक्रेटरीपद घेतलं, कारण खोट काढायची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. क्लबात तीन टेबलं. त्यातलं तीन नंबरचं बुडबुड्यांनी एकट्याच्या जबाबदारीवर बसवलेलं पहिलं टेबल, एकतीस वर्षांपूर्वीचं. बाकीची दोनशे अकरा टेबलं त्यांच्या वहीत होती. हे एकच तोंडपाठ होतं.

नऊ वर्षांपूर्वी याच टेबलावर वार्षिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. एकीकडे सेक्रेटरी, दुसरीकडे दातांचे डॉक्टर. शेवटचा काळा बॉल उरला होता. सेक्रेटरींनी घातला असता तर चषक त्यांचा. त्यांनी तो नजाकतीने, अगदी हळुवार मारला. बॉल दूरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटपर्यंत डौलात गेला, पॉकेटच्या उजव्या ओठाला लागला आणि बाहेर येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी तो पुढे होऊन आत घातला, दाढ काढावी तितक्या सहज.

"या टेबलाला ढाळ आहे!" सेक्रेटरी ओरडले.

बुडबुडे मागे खुर्चीत बसले होते. चाळीसएक माणसं होती हॉलमध्ये. गप्प बसता आलं असतं. "टेबल सरळ आहे, साहेब," ते म्हणाले. "आता उरलं कोण?"

माणसं हसली. नुसती नाही, पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तीन नंबरवर पाटी लागली: 'या टेबलाला ढाळ आहे. खेळू नये.' त्यावर जाड आच्छादन पडलं, आच्छादनावर सभासदांचे कोट आणि छत्र्या पडू लागल्या. लोकांनी बुडबुड्यांना सांगून पाहिलं, एकदा येऊन लेव्हल तरी लावून दाखवा, साहेबांचं तोंड बंद होईल. बुडबुडे म्हणाले, "एकदा बसलेला बुडबुडा मी पुन्हा बघत नाही. त्यात त्याचा अपमान आहे." अपमान नक्की कोणाचा, हे त्यांच्या बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

एवढं झाल्यावर या दोन घरांचं एकमेकांशी काही असायला नको होतं. पण वडिलांचा विसरलेला चष्मा द्यायला म्हणून बुडबुड्यांची मुलगी एकदा क्लबात गेली, तिथे सेक्रेटरींचा मुलगा भेटला, आणि मग चष्मा वारंवार विसरला जाऊ लागला. सहा वर्षांपूर्वी दोघांचं लग्न झालं. सेक्रेटरी आणि बुडबुडे एकमेकांचे व्याही झाले. आता भांडताही येईना आणि बोलताही.

बोलणं सुरू करून दिलं ते एका खेळण्याने.

सेक्रेटरींचे गुडघे गेले. स्नूकरमध्ये बॉल मारायला एक सेकंद लागतो आणि बाकीचा सगळा वेळ टेबलाभोवती चालण्यात जातो. ते चालणं बंद झालं. मुलाने बापाच्या वाढदिवसाला टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्यात स्नूकरचं टेबल होतं, दिवे होते, प्रेक्षक होते, पंच होता, आणि टेबलाभोवती फिरायला अंगठा पुरत होता. सेक्रेटरींनी त्यात आपल्यासाठी एक खेळाडू निवडला: दाट काळेभोर केस, जाकीट, ताठ मान. केसांच्या बाबतीत सेक्रेटरींनी बराच जुना हिशेब चुकता करून घेतला.

मग एकट्याने जिंकण्याचा कंटाळा आला. सुनेला म्हणाले, "तुझे बाबा दुपारचे काय करतात? बोलाव की त्यांना."

बुडबुडे बायकोला घेऊन गेले, दोन गल्ल्या ओलांडून, एका रविवारी दुपारी चार वाजता. टीव्हीसमोर उभे राहिले. मग जावयाला विचारलं, "कापड कोणी ताणलंय हे?"

"बाबा, ते कापड नाही. ते काहीच नाही."

"काहीच नाही, तर मग इतकं सपाट कसं?"

"काहीच नाही म्हणूनच सपाट."

चाळीस वर्षं दगड उचललेल्या माणसाला हे उत्तर जड गेलं. त्यांनी टेबल खालून दाखवायला सांगितलं, पाय मोजले, आठ भरले, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

सेक्रेटरींनी पांढरा कंट्रोलर स्वतःकडे घेतला आणि काळा पुढे केला. "हा पाहुण्यांचा," ते म्हणाले. पाहुण्यांसाठी पडद्यावर खेळाडूही तयार होता, तेवीस-चोवीस वर्षांचा, कानात बाळी घातलेला.

"हा मी?" बुडबुड्यांनी विचारलं.

"तात्पुरते," सेक्रेटरी म्हणाले.

बायको म्हणाली, "असू द्या हो. तुम्हाला इतकं हसताना मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं." बाळीवाला उगाचच हसत होता.

त्या दिवशी बुडबुडे दोन फ्रेम, म्हणजे दोन डाव, हरले. दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन. नियम त्यांना पंचापेक्षा जास्त ठाऊक होते, कोन डोळे मिटून कळत होते. पण निशाणा लावून बॉल मारला की पांढरा बॉल किंचित डावीकडे जायचा. फार नाही. जिंकायचं राहून जाईल इतकाच. सेक्रेटरी मात्र सरळ मारायचे आणि बॉल आत गेला की तो शॉट पुन्हा दाखवायचं बटण दाबायचे. एकदा, दोनदा, तीनदा. प्रेक्षक तिन्ही वेळा टाळ्या वाजवायचे. त्यांना दुसरं काम नव्हतं.

आणि प्रत्येक फ्रेम संपली की सेक्रेटरी पाय लांब करून, पाठ मागे टेकून, एकेक शब्द चघळत म्हणायचे, "टेबल सरळ आहे, व्याहीबुवा. आता उरलं कोण?"

नऊ वर्षं मुरत ठेवलेलं वाक्य होतं. चव लागणारच.

बुडबुड्यांची पंचाईत अशी की त्यांना मनातून पक्कं वाटत होतं, टेबलाला ढाळ आहे. पण ते म्हणायचं कोणत्या तोंडाने? चाळीस वर्षांत दोनशे बारा टेबलांवर जेवढी माणसं हरली, त्या सगळ्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं? गावातल्या अर्ध्या लोकांनी पेढे वाटल्यासारखं तोंड केलं असतं.

असे तीन आठवडे गेले. सतरा फ्रेम. मग एका मंगळवारी सेक्रेटरींनी फ्रेम जिंकल्यावर सहज सांगावं तसं सांगितलं, "शनिवारी अकराला कमिटीची बैठक आहे. तीन नंबर काढून टाकतोय आपण. तिथे व्यायामाच्या दोन सायकली येतील."

"टेबलाचं काय करणार?"

"दगड बागेत पायवाटेला घालू. चांगले सपाट आहेत म्हणतात." सेक्रेटरींनी हे म्हणताना टीव्हीवरची नजर काढली नाही. "अर्थात नियमाप्रमाणे ज्याने टेबल बसवलं त्याचं मत घ्यावं लागतं. तुम्ही सांगा ढाळ नाही म्हणून. कमिटी ऐकेलही. तुमच्या शब्दाला मान आहे अजून."

'अजून' हा शब्द त्यांनी जरा जास्तच हळू उच्चारला.

बुधवारी बुडबुडे एकटेच लवकर गेले, साडेतीनला. पिशवीत लेव्हल होती. सेक्रेटरी आत आडवे झाले होते. मुलगी घरूनच काम करायची. ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली तर बाबा टीव्हीच्या खालच्या कपाटावर लेव्हल ठेवून, गुडघ्यावर बसून, श्वास रोखून बघत होते.

"बाबा, काय चाललंय?"

"श्श. बुडबुडा उजवीकडे गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे डावी बाजू खाली आहे. तरीच!" त्यांचा चेहरा असा उजळला की मुलीला पुढे काही विचारवेना. "एक पत्ता आण. जाड बघून."

खणात पत्त्यांचा कॅट होता. तिने जोकर दिला. टेबल बसवणारे पूर्वीपासून बारीक ढाळ पत्त्याने काढतात. पायाखाली पत्ता सरकवायचा, लागला तर दुमडून. मुलीने कपाट उचलून धरलं, बुडबुड्यांनी दुमडलेला जोकर डाव्या पायाखाली घातला. बुडबुडा मधोमध आला.

"बसला," ते म्हणाले.

हे सगळं त्यांनी इतकं मन लावून केलं की टीव्ही वाकडा असला तरी त्याच्यातलं टेबल वाकडं होत नाही, हे सांगायचं मुलीच्या ओठावर येऊन राहिलं. हेच तिचं चुकलं. कारण चारला सेक्रेटरी येऊन बसले, खेळ सुरू झाला, बुडबुड्यांचा पांढरा बॉल पुन्हा डावीकडे गेला, आणि बुडबुडे स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाले, "अजून एक पत्ता लागेल."

सेक्रेटरींनी खाली वाकून बघितलं. कपाटाच्या पायाखालून जोकरची टोपी दिसत होती.

त्यांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला, सुनेला पाणी आणायला सांगितलं, पाणी पिताना पुन्हा हसले. मग चष्मा पुसून नाकावर ठेवला आणि एकदम सेक्रेटरी झाले.

"बुडबुडे," ते म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते व्याहीबुवा म्हणायला विसरले. "ज्या माणसाला टीव्हीतल्या टेबलाला ढाळ दिसतो, त्याचं मत खऱ्या टेबलाबद्दल घ्यायचं का, हे मी शनिवारी कमिटीलाच विचारीन. जोकरसकट सांगीन."

बुडबुडे घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघरात आली, तर ते काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला उजव्या हातात धरून ओट्यापासून खिडकीपर्यंत जात होते आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत येत होते.

"हे काय?"

"हात बघतोय. टेबलाला ढाळ नाही तर मग हातच गेला असणार."

बायकोने जमिनीकडे बघितलं. एक थेंब सांडला नव्हता. "सत्तरीत का होईना, पाणी न सांडता आणायला शिकलात," ती म्हणाली. "आता त्याच हाताने चहा आणा." पण तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. तीन नंबर बसवलं तेव्हा नवऱ्याने तिला मुद्दाम क्लबात नेलं होतं, एक बॉल हातात देऊन म्हणाला होता, सोड हळूच. बॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यावर ओवल्यासारखा गेला होता. माहेरी कुणी तिला कधी असलं काही दाखवलं नव्हतं. आता त्या दगडांवरून लोक चिखलाचे बूट घालून जाणार होते.

शुक्रवारी दुपारी सेक्रेटरी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेले होते आणि मुलगी त्यांच्यासोबत. जाताना ती आईवडिलांना दार उघडून देऊन गेली. बुडबुड्यांनी नुसत्या सरावाचा खेळ लावला. सगळे रंगीत बॉल काढून टाकले, एकटा पांढरा ठेवला.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता खऱ्या टेबलाला करतो ते." त्यांनी पांढरा या टोकाला ठेवला, सरळ समोर नेम धरला आणि अगदी हळू मारला. बॉल डावीकडे गेला. "बघ. आता त्या टोकाकडून. टेबलाला ढाळ असला तर तो जागचा हलत नाही. मी फिरून त्या बाजूला गेलो की माझा डावा तो उजवा होतो. म्हणजे आता बॉल उजवीकडे जायला हवा."

पलीकडच्या टोकाला जाऊन त्यांनी मारला. बॉल डावीकडे गेला.

पुन्हा मारला. पुन्हा डावीकडे.

बुडबुड्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "ढाळ टेबलात नाही," ते म्हणाले. "माझ्याबरोबर फिरतोय." मग म्हणाले, "टेबल सरळ आहे." पुढचं वाक्य त्यांना बोलावं लागलं नाही. ते वाक्य समोरच्या माणसाला कसं लागतं, हे त्यांना चाळीस वर्षांनी पहिल्यांदा समजत होतं.

बायको उठली. "इकडे आणा तो रिमोट."

"रिमोट नाही तो."

"जे काय असेल ते." जन्मात पहिल्यांदाच तिने ती वस्तू हातात घेतली, नवऱ्याने सांगितलं तसं नेम धरला, मारला. बॉल डावीकडे गेला. दुसऱ्या टोकाकडून मारला. डावीकडेच.

"अगंबाई," ती म्हणाली, "माझाही हात गेला. दोघांचे एकदमच, बरं झालं. मागे कोणी राहायला नको." तिने कंट्रोलर टीपॉयवर ठेवून दिला आणि चष्मा पुसायला घेतला. पुसून डोळ्यांवर चढवला आणि टीव्हीकडे बघत राहिली. "अहो, ती नेमाची रेघ बघा."

पडद्यावर पांढऱ्या बॉलपुढे नेम दाखवणारी बारीक रेघ होती. कंट्रोलर टीपॉयवर होता, हात कोणाचाच लागलेला नव्हता, आणि ती रेघ मुंगीसारखी हळूहळू डावीकडे चालली होती.

बुडबुड्यांनी पांढरा कंट्रोलर सुरू केला. रेघ थांबली. पाच मिनिटं थांबली. त्यांनी घड्याळ लावून बघितलं.

पाच वाजता जावई कामावरून आला. त्याला विचारलं तर म्हणाला, "हो बाबा, काळ्याची अंगठ्याखालची घुंडी झिजलीये. आपोआप डावीकडे ओढतो तो. म्हणून तर पप्पांना नवा पांढरा आणला."

"पप्पांना माहीत आहे हे?"

"त्यांनीच तर तक्रार केली होती! आठवडाभर डोकं खाल्लं माझं, टेबलाला ढाळ आहे, टेबलाला ढाळ आहे म्हणून." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो कपडे बदलायला आत गेला. बराच वेळ बदलत होता.

बुडबुड्यांच्या बायकोला हे फार आवडलं. जन्मभर दुकानदारांची खोटी मापं जप्त करणाऱ्या माणसाने एक खोटं माप मात्र जपून ठेवलं होतं, पाहुण्यांसाठी.

साडेपाचला सेक्रेटरी आले. बुडबुडे आधीच बसले होते, हातात पांढरा.

"आज हा घेतलाय मी," ते म्हणाले. "चालेल ना, साहेब?"

सेक्रेटरींनी पांढऱ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, मग काळा उचलला. नाही म्हणायची सोय नव्हती. का नाही, हे सांगावं लागलं असतं. "मला काय," ते म्हणाले. "हत्यार कुठलंही द्या."

वीस मिनिटं खेळ चालला. बाळीवाला पोरगा जन्मात पहिल्यांदाच सरळ खेळत होता आणि दाट केसांच्या जाकीटवाल्याचा एकही बॉल आत जात नव्हता. मुलगी दाराशी उभी होती, तिची आई सोफ्यावर विणकाम घेऊन, जावई आतल्या खोलीच्या पडद्याआड. शेवटी गुलाबी बॉल तोंडाशी असताना चुकला, आणि सेक्रेटरींनी मांडीवर थाप मारली.

"या टेबलाला ढाळ आहे!"

विणकाम थांबलं. सगळ्यांनी बुडबुड्यांकडे बघितलं. सेक्रेटरींनीही बघितलं, बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा वाढून ठेवलेल्या ताटासारखा समोर होता. वाक्य फक्त टाकायचं बाकी होतं.

बुडबुड्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. "उद्या अकराला ना बैठक?" एवढंच म्हणाले. कपाटाशी वाकून पायाखालचा जोकर काढला, खिशात घातला आणि चपला शोधू लागले.

रस्त्यात बायको धुमसत होती. "का नाही म्हणालात? नऊ वर्षं त्यांनी पाठ केलं ते वाक्य, तुमचं तर स्वतःचं होतं!"

"दोनच गोष्टी असतात असं वाटायचं मला," बुडबुडे म्हणाले. "टेबल नाहीतर माणूस. आज मध्येच तिसरी निघाली."

"मग?"

"मग म्हणजे, मी न बघता बोलत होतो." ते चार पावलं चालले. "तीन नंबरला मी नऊ वर्षांत लेव्हल लावलेली नाही."

बायकोलाही तेच बोलायचं होतं, पण नऊ वर्षांपूर्वी.

शनिवारी सकाळी आठला क्लबच्या रखवालदाराने दार उघडलं, तेव्हा बुडबुडे पायरीवर बसलेले होते. दोघांनी मिळून तीन नंबरवरचे कोट उचलले, छत्र्या उचलल्या, आच्छादन काढलं. खालचं कापड अजून हिरवंगार होतं. नऊ वर्षांत त्यावर कोणी खेळलंच नव्हतं. सेक्रेटरी त्या दिवशी उभे होते त्याच टोकाला बुडबुडे उभे राहिले आणि लेव्हल आडवी ठेवली.

बुडबुडा उजवीकडे गेला.

केसभर. मधल्या रेघेला नुसता खेटला. त्यांनी लेव्हल उलटी फिरवून ठेवली, कारण कधीकधी लेव्हलच खोटी असते आणि त्यांना मनापासून वाटत होतं की असावी. बुडबुडा पुन्हा उजवीकडेच गेला. डावी बाजू खाली होती. त्या बाजूच्या मधल्या एका पायाखालची फरशी एकतीस वर्षांत खचली होती, किती ते पायाशी डोकं टेकवल्यावर दिसत होतं. कधी खचली, हे फरशीलाच माहीत.

रखवालदाराने विचारलं, "काय काका, बसला?"

"नाही," बुडबुडे म्हणाले, आणि अकरा वाजेपर्यंत भिंतीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. खिशात जोकर होता. आत्ताच पायाखाली सरकवला असता तर अकराला छातीठोकपणे सांगता आलं असतं, टेबल सरळ आहे, आणि ते खोटंही झालं नसतं. रखवालदार चहा आणायला गेला होता. पाच मिनिटांचं काम होतं. त्यांनी खिशात हात घातला, पत्ता बोटांनी चाचपला आणि हात बाहेर काढला.

कमिटीची पाच माणसं आली. त्यात दातांचे डॉक्टर होते. सेक्रेटरींनी नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं. टीव्हीची आणि पत्त्याची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ती सांगायची तर शुक्रवारची पण सांगावी लागली असती.

"तीन नंबरबद्दल मत घ्यायचंय," ते वहीकडे बघत म्हणाले. "बुडबुडे, या टेबलाला ढाळ आहे की नाही?"

"आहे."

पेन थांबलं. सेक्रेटरींनी मान वर केली.

"पुन्हा सांगा. नीट लिहून घेतो."

"आहे, साहेब. पत्त्याच्या जाडीइतका. नऊ वर्षांपूर्वी होता की नव्हता, मला माहीत नाही, कारण मी बघायला आलो नाही. यायला हवं होतं. तेही लिहा."

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. नऊ वर्षं या एका शब्दाची वाट बघितली होती, आणि तो असा न मागता, ताटात वाढून समोर आला. ते लिहू लागले, मोठ्याने उच्चारत, एकेक अक्षर कोरत. "टेबल... क्रमांक... तीनला... ढाळ... आहे."

"कुठल्या बाजूला, तेही लिहा," बुडबुडे म्हणाले. "नंतर कोणी विचारायला नको. तुम्ही त्या दिवशी उभे होतात तिथून डावीकडे."

"डा... वी... क..."

दातांचे डॉक्टर खोकले. "एक मिनिट," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमचा काळा उजवीकडे चुकला होता ना? पॉकेटच्या उजव्या ओठाला लागला होता. मला चांगला आठवतोय, मी समोरच उभा होतो."

सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे ढाळ डावीकडे होता," डॉक्टर सावकाश म्हणाले, तोंडात आरसा घालून बघत असल्यासारखे, "तर टेबलाने तुमचा बॉल पॉकेटकडेच ओढला असणार. टेबल तुमच्या बाजूने होतं, सेक्रेटरी. मग उरलं कोण?"

कमिटीतले बाकीचे आधी खाली बघत राहिले. मग त्यातल्या एकाला खोकला आला, दुसऱ्याला आला, आणि शेवटी रखवालदार, जो कमिटीत नव्हता आणि ज्याला हसायला परवानगी लागत नव्हती, तो मोकळेपणाने हसला.

बुडबुडे हसले नाहीत. पिशवीतून त्यांनी छोटा जॅक काढला, त्या पायाशी आडवे झाले, टेबल केसभर उचललं आणि दुमडलेला जोकर खाली सरकवला. उठून लेव्हल ठेवली. श्वास रोखला. सगळ्या कमिटीने रोखला. सेक्रेटरींनीही रोखला, ते नंतर नाही म्हणत होते, पण रोखला.

"बसला," बुडबुडे म्हणाले.

मग त्यांनी पांढरा बॉल घेतला आणि सेक्रेटरींसमोर धरला. "सोडा हळूच, व्याहीबुवा."

सेक्रेटरींनी गुडघ्याला हात देत वाकून बॉल सोडला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कमिटीने व्यायामाच्या सायकली जिन्याखाली ठेवायचं ठरवलं. नोंदवहीतलं वाक्य मात्र अजून तिथेच आहे, 'टेबल क्रमांक तीनला ढाळ आहे, डावीक' इथपर्यंत. पुढचं लिहायला सेक्रेटरींना अद्याप वेळ झालेला नाही.

घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न तोच विचारला. "म्हणालात का मग शेवटी ते वाक्य?"

"नाही," बुडबुडे हात धुता धुता म्हणाले. "दातांच्या डॉक्टरांनी म्हटलं."